आवक

जन्माचं टेबल खिडकीपाशी, मृत्यूचं दाराशी,
मध्ये पाण्याचा माठ.
गेली सव्वीस वर्षं मी खिडकीच्या बाजूला.

नावं लाटेनं येतात.
मी लागले तेव्हा पूजा, एका दिवसात सात-सात,
मग श्रुती, मग सानिका, सईंचा एक मोसम.
आता मायरा, कियारा. अर्थ विचारला
तर बाप मोबाईल काढतो.

भागीरथी मात्र माझ्या टेबलावर कधी आलीच नाही.
ती यायची दातारांकडे, दाराशी:
भागीरथीबाई, वय एक्क्याण्णव, कसबा पेठ.
भागिरथी, गला पहिली वेलांटी, मुंढवा.
भागूबाई, भागाबाई, भागक्का,
एकदा नुसतीच भागी, वय अंदाजे,
आडनावाच्या जागी रेघ.
दातार म्हणायचे, तुमची आवक कधीच बंद झाली,
मी आपला गोदाम रिकामं करतोय.

तळघरात जुनी रजिस्टरं आहेत, वाळवीनं जाळी केलेली.
एका दाखल्यासाठी उतरले होते.
पानागणिक दोन-तीन भागीरथ्या,
फिकट शाईत, मोडीच्या वळणाच्या अक्षरात,
कुणाच्या तरी घरी त्या वर्षी
हंडाभर पाणी आल्यासारख्या.

नाव तसं उघड आहे.
राजानं तप केलं, नदी खाली उतरली,
आणि ज्यानं बोलावलं त्याचीच लेक म्हणवून राहिली.
पुढं मराठीनं वाटणी केली.
बापाला मिळाले प्रयत्न, भगीरथ प्रयत्न,
अजूनही फ्लेक्सवर असतात, नगरसेवकाच्या फोटोखाली.
लेकीला मिळालं, भित्री.
भित्री भागूबाई! झाडावर न चढणाऱ्या कुणालाही.
मीही म्हटलंय, धाकट्या भावाला.
तो आंब्याच्या बुंध्याशी उभा राहून रडला होता.

कोण ती पहिली भागू, कशाला भ्याली,
कुणी पाहिलं,
भच्या शेजारी भ कुणी आणून बसवला,
याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
नाव आटलं, एवढं दिसतं.

काल रेशमा खिलारे आली, खिलारेवाडीची,
पाच आठवड्यांची पोर खांद्याशी.
फॉर्मवर लिहिलेलं: भागीरथी.
म्हटलं, हे पाळण्यातलं असेल. शाळेचं सांगा.
म्हणाली, शाळेचंच.
तोंडून निघून गेलं, अहो, चिडवतील.

"चिडवू द्या की. भित्रीच होती ती.
आमच्या ह्यांची पणजी. काळोखाला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची,
नदीकडून वारं सुटलं तरी रामनाम घ्यायची.
आणि पहाटे तीनला डोक्यावर मेथीची पाटी,
एकटी, लकडी पुलावरून मंडईला.
तीस वर्षं.
पुलावर पाय ठेवला की मोठ्यानं
मेथीचा भाव ओरडत जायची,
पार पलीकडे पोचेपर्यंत.
पुलावर गिऱ्हाईक कुठलं?"

पोरीनं जांभई दिली.
संगणकानं इंग्रजी स्पेलिंग मागितलं.
रेशमा म्हणाली, एच किती ते तुम्हीच बघा.
दोन घातले.
मराठीत मात्र ग आणि थ, दोघांनाही
दुसरी वेलांटी दिली, दीर्घ,
आणि प्रिंट काढायच्या आधी पुन्हा वाचून पाहिली.

दातार निवृत्त झालेत. त्यांच्या खुर्चीत नवा मुलगा,
कानात काहीतरी घालून बसलेला.
तरी दाराकडे बघून मी म्हटलं,
आवक, एक.