बिंदू

छपराखाली उपग्रह धरत नाही, कळंत्रे म्हणाला,
म्हणून दोन्ही फोन घेऊन
आम्ही बिंदू चौकात, भर उन्हात.
एक स्वस्तातला, नुसता फोन नि डायरी.
दुसऱ्याला आतच जीपीएस, लिहायला काडी,
किंमत माझ्या जुन्या लूनाच्या तिप्पट.

"तीन घावले. चौथा येतोय."
तुरुंगाच्या भिंतीकडं तोंड करून
हात वर धरून उभा तो.

मी जनावरांचा डॉक्टर.
रात्री दोनला फोन : म्हैस अडलीय,
आंब्यापासनं डावीकडं या.
आंबा गेल्या साली तोडला.

चौथा आला.
पडद्यावर ना रस्ता, ना गल्ली,
कोऱ्या पांढऱ्यात
एकच निळा ठिपका, जरा थरथरणारा.
कळंत्रे ओशाळला : नकाशा अजून आला नाही, डॉक्टर.

मी दोन पावलं सरकलो.
ठिपकाही सरकला.

हाच दे, म्हटलं,
रस्ता मी विचारून घेईन.