गान्यात सांगतलं होतं

माह्या लग्नात गुंफाबुढी गायली.
तोंडात दात नोयते,
पन एकएक शब्द चावून द्याची.
मांडवावरच्या जांभयाच्या डगाली वायून कुरकुर करत,
मी पाटावर, कोपरापर्यंत हयद,
अन् बाया नवरदेवाकडच्यायले नावं ठेवत होत्या,
रीतच हाये तशी.

«इहीनबाईची कासंडी वं
बाहेरून घासली, आत ठनठन कोरडी.
दिराच्या हाताले मोहाचा वास,
नवरी वं, आतून लाव कडी.»

साऱ्या हासल्या. मी बी हासली,
हयदीचं बोट तोंडात गेलं, कडू लागलं.
वाटलं, चाल भराले म्हनते बुढी.

तिची धाकटी बहीन त्याच गावात देली होती.
हे मले तिसऱ्या वर्षी समजलं,
पावसायात एका राती,
कडी नसलेल्या दाराले
पाठ लावून उभी होती तवा.

दिवाईले मायेरी गेली तं इचारलं,
सीधं कावून नाई सांगतलं वं बुढे?
बुढी सुपात तूर पाखडत होती.
सूप नाई थांबवलं तिनं.
म्हने, सीधं सांगतलं असतं
तं मले मांडवाबाहेर काढलं असतं,
अन् तुह्या बापानं पत्रिका परत थोड्याच घेतल्या असत्या?
गान्यात बाईचं तोंड कोनी धरत नाई.
म्या सांगतलं.
तू हासली.

आज त्याच दिराच्या पोराची हयद.
उष्टी हयद घेऊन आमी सात बाया
टमटममंधी कोंबून नवरीच्या गावी आलो.
वाटी जावेच्या मांडीवर,
रस्ता असा का अर्धी हयद तिच्या लुगड्याले लागली.

नवरी प्रणोती. बी.ए.चं दुसरं वर्ष.
एका हातावर मेंदी, दुसऱ्या हातात मोबाईल.
डीजेवाला पोट्टा पत्रावयीवर बसला होता,
तेवढाच येळ होता गान्याले.
बाया म्हने, काकू, तुमीच लावा.
लेकावरचं गानं नवऱ्याकडच्या बाईनं म्हनू नये,
पन म्हटलं, थट्टाच त हाये.

«नवऱ्याच्या खिशात फोन दोन वं,
एक वाजते, एक मुका.
मुक्याले रातभर भूक लागते,
गियला धुऱ्याजवयचा तुकडा.»

मांडव हासला.
कोनीतरी शिट्टी बी मारली.
जावेचा हात वाटीतच रायला.

प्रणोती हासली नाई.
तिनं मान वर केली, माह्याकडं पायलं,
मेंदी मोडू न देता आंगठा सरकवला
अन् म्हने,
काकू, पुन्हा म्हना ना. रेकॉर्ड करतो.

डीजेवाला हात धुवाले उठला होता.

मी घाई नाई केली.
माहे दात अजून शाबूत हायेत, तरी
एकएक शब्द चावून देला.