झाडू पुढे धरून

अन्सेल्मनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं:
मिथेनॉल पेटलं तर दिवसा दिसत नाही.
ना धूर, ना पिवळी जीभ.
पाइपांच्या गल्लीत शंका आली
तर लांब काठीचा झाडू पुढे धरायचा,
झाडूच्या मागून आपण.
झाडू पेटला, की समजायचं
आग कुठवर आली.

त्याला एकतीस वर्षं झाली.
अन्सेल्म आता टोबॅगोत शेळ्या पाळतो
आणि मी पॉइंट लिसासच्या प्रयोगशाळेत
नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवते,
पूर्वी चिठ्ठ्या संपायच्या,
आता त्यांचा डिंक वाळतो.

आज पोर्ट ऑफ स्पेनहून एक माणूस आला होता.
कडक इस्त्री, मऊ आवाज.
कॅन्टीनच्या भिंतीवर त्यानं
देशाची पुढची पंधरा वर्षं लावली:
इथपर्यंत निळी रेघ सलग,
इथून पुढे ठिपके.
‘ठिपके म्हणजे काय?’
कंप्रेसरवरच्या रामलोचननं विचारलं.
‘परिस्थितीनुसार,’ तो म्हणाला,
आणि पाणी प्यायला.

गॅस आहे म्हणे.
समुद्राखाली, रेघेच्या जरा पलीकडे,
शेजाऱ्याच्या हद्दीत.
शेजाऱ्याचं थोरल्याशी बोलणं नाही,
थोरल्याच्या परवानगीवाचून आमचा पाइप हलत नाही.
आधण ठेवून तांदूळ मागायला गेलो,
तर शेजाऱ्याच्या दाराला कुलूप
आणि किल्ली तिसऱ्याच्या कनवटीला.

आमच्या कुंपणापलीकडचं अमोनियाचं युनिट
मागच्या साली थंड केलं.
थंड केलं, बंद नाही.
कागदावर हा फरक फार मोठा आहे.
शिडीवर गिधाडं बसतात, पंख उघडून,
कुणी कोट वाळत घातल्यासारखी.

माझा बाप साखर कारखान्यात ऊस तोलायचा.
कारखाना मिटला तेव्हा
घरी येऊन त्यानं काटा ठेवावा तसा हात टेबलावर ठेवला,
आणि म्हणाला,
गॅसला कीड लागत नाही.
तू गॅसमध्येच राहा.

गेटवर सुमिंत्रा डबल्स विकते.
तिखट किती, एवढंच विचारते.
पूर्वी सकाळच्या पाळीला चारशे जायचे,
आता एकशेवीस, शुक्रवारी दीडशे.
ती भिंतीवर काही लावत नाही.
रात्री मूठ मोजून चणे भिजवते,
आणि मूठ कधी सैल, कधी घट्ट असते.
मंत्र्याच्या माणसानं तिथंच खाल्लं.
तिची मूठ त्यानं पाहिली नाही.

आमच्या गावाचं नाव कॅलिफोर्निया.
हसू नका, खरंच आहे.
लहानपणापासून माझ्या पोरीनं
खिडकीतल्या फ्लेअरच्या उजेडात अभ्यास केला,
वीज गेली तरी तिचं पान दिसायचं.
गेल्या महिन्यात तीन रात्री फ्लेअर विझली होती.
पहिल्या रात्री गावातली कुत्री भुंकत राहिली.
दुसऱ्या रात्री तारे दिसले, पुष्कळ,
आणि कुणालाच आवडले नाहीत.

जोएलिन सतरा वर्षांची आहे.
सोमवारपर्यंत कॉलेजचा फॉर्म द्यायचाय.
‘केमिकल घेऊ का, मा?’
तिनं भात वाढता वाढता विचारलं,
जसं मीठ हवं का विचारावं.

बापाचं वाक्य ओठांवर आलं होतं.
ते मी गिळलं
आणि तिला झाडूची गोष्ट सांगितली.

‘आणि झाडू पेटला की?’

‘टाकायचा, आणि पाण्याकडे पळायचं.
पाणी कुठल्या बाजूला, ते मात्र
आधीच बघून ठेवायचं.’

‘बेटावर?’ ती म्हणाली.
‘बेटावर ते सगळ्याच बाजूंना असतं.’

मग ताट सरकवून
ती फॉर्म भरायला बसली.
पेनाचा आवाज येत होता,
कधी सलग,
कधी थांबत थांबत.
मी भांडी घासली.
तिच्या खांद्यावरून वाकून
पाहिलं नाही.