बाद मतं

मतपेटी म्हणजे दुधाचा कॅन, चाळीस लिटरचा.
डेअरी बंद पडली तेव्हा आर्वोने तो घरी नेला,
झाकणाला करवतीने चीर पाडली,
आणि दर जूनअखेर मंडळाला आणून देतो
आतून घासूनपुसून. तरीही
पहिली चिठ्ठी काढताना आंबूस वास येतोच.

रात्रीचे साडेअकरा. बाहेर अजून उजेड,
तळ्याकाठच्या सौनांतून धूर, कोणीतरी वल्ही मारतंय.
मोजायला आम्ही तिघं: मी, आर्वो
आणि पाळकाची बायको साइमी,
जी दर चिठ्ठीआधी चष्मा पुसते.
परीक्षक नाहीत.
शहरातून यायचा तो टायवाला गृहस्थ
तेरा वर्षांपूर्वी दुसऱ्या अंकात झोपला,
घोरलासुद्धा.
तेव्हापासून ज्याचं तिकीट, त्याचं मत.

म्हणून मग बसगाड्या येतात.
रेइयालाच्या मंडळाने यंदा तीन भरून आणल्या,
निम्मे लोक लाकूड कारखान्यातले, सुट्टीवर;
कुठलं नाटक, ते त्यांना वाटेत कळलं.
एकगठ्ठा मतं. एकच निळं पेन, एकच घडी.
पंचेचाळीस वर्षं मी टपाल कचेरीत काढली,
मला हस्ताक्षरं शिकवू नका.

बाकीच्यांचं काय सांगावं.
‘अभिनेत्री: जिने खरोखरचा कांदा चिरला ती.’ चालेल, नाव सापडतं.
‘पार्श्वसंगीत: डास.’ बाद.
‘माझा भाऊ.’ कोणाचा भाऊ? बाद.
एका पोराने घोडा काढलाय.
घोडा कुठल्याच नाटकात नव्हता,
पण साइमीने तो बराच वेळ हातात धरला.

आमच्या गावाचं नाटक शेवटी होतं.
एन्सिओ, वय एकोणऐंशी, बापाच्या कामात.
लेकीला सांगायचं की घर विकलं.
टोपी हातात घेऊन उभा राहिला
आणि वाक्य गेलं.

रौनीने विंगेतून कुजबुजून सांगितलं.
कानातलं यंत्र तो घरी विसरलेला.
तिने पुन्हा सांगितलं, पहिल्या रांगेला ऐकू आलं.
पुन्हा, मग पाचव्या रांगेलाही.
एन्सिओ टोपीची कड चाचपत राहिला.
पत्र्यावर पाइनचं एक बोंड पडलं, घरंगळत खाली गेलं,
सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग आठव्या रांगेतली एक बाई,
रेइयालाच्या तिसऱ्या बसमधून आलेली,
उभी राहून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,
‘घर विकलंस ना?’
एन्सिओ तिच्याकडे वळला.
‘हो,’ म्हणाला.
आणि खाली बसला.

हे संहितेत नव्हतं. खुर्चीसुद्धा नव्हती तिथे,
तो जमिनीवरच बसला.

त्यावर सव्वीस चिठ्ठ्या निघाल्या.
‘ती बाई.’ ‘हिरवा स्वेटर.’ ‘जिने विचारलं ती.’
त्यांतल्या नऊ निळ्या पेनाच्या.
आर्वोने नियमांचं पान उलटून पाहिलं. मागे कोरं.
पात्रयादीत नाव नाही, म्हणजे बाद.
हे मीच म्हणाले, त्यांनी नाही.
पत्ता नसलेलं पत्र
पोचवता येत नाही, आत काहीही लिहिलेलं असो.

रेइयाला चार मतांनी जिंकलं.
फिरता लाकडी मासा त्यांचा दिग्दर्शक
लेकरासारखा काखेत घेऊन गेला.
हिरव्या स्वेटरवालीने टाळ्या वाजवल्या,
वेलदोड्याचा पाव रुमालात बांधून घेतला
आणि बसमध्ये चढली.
नाव विचारायला मी पायरीपर्यंत गेले होते.
दार मिटलं.

परत आले तर एन्सिओ दारात, कॅनकडे बघत.
‘किती पडली?’
मी त्याच्या बऱ्या कानाशी वाकून सांगितलं,
‘सव्वीस.’
कोणाला, ते त्याने विचारलं नाही.
टोपी घातली. ‘बरी आहेत की,’ म्हणाला,
आणि उजेडातच घरी झोपायला गेला.