वर्ग बदलला त्याची नोंद

गॅलरीत उतरायला एकशे बारा पायऱ्या.
खाली ऐन मे महिन्यातही अंगावर काटा येतो,
आणि भिंतीला कान लावला
तर ऐकू येतं ते टर्बाइन की आपलंच रक्त,
हे एकतीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

माझं काम एवढंच :
खाचेतून पाझर किती वाहतो ते पट्टीवर वाचायचं,
वहीत लिहायचं, खाली सही. हिंदुराव शेडगे.
सात सेंटिमीटर. सात. सव्वासात.
ज्या रात्री पाटणपर्यंत मांडणीतली भांडी वाजली
त्या रात्री पावणेनऊ, मग आठवड्यानं परत सात.
पाणी गढूळ दिसलं तर पळत वर यायचं,
नितळ असलं तर चालत.
मी आजवर चालतच वर आलोय.

यंदा तपासणीला भिंगारदिवे मॅडम आल्या.
स्टोअरमधले गमबूट त्यांना दोन नंबर मोठे.
कलिंगड ठोकावं तशी त्यांनी भिंत ठोकली जागोजाग,
चुन्याच्या पांढऱ्या ओघळाला बोट लावून बघितलं,
सांडव्याच्या तिसऱ्या दाराचा गंज नखानं खरवडला.
म्हटलं, मॅडम, म्हातारी आहे, पण कण्हत नाही.
म्हणाल्या, भिंतीचा रकाना वेगळा.
हा रकाना खालच्या गावाचा.

मग नकाशा पसरला,
चहाच्या कपांनी कोपरे दाबले.
नदी, करंजाची झाडं, एक स्मशान,
बाकी कोरं,
आणि त्या कोऱ्यावर कुण्या जुन्या साहेबांच्या शाईत
'धोका कमी'.
स्मशानातल्यांना पुराचं काय,
असा हिशेब असावा.

आता तिथं काय काय आहे, सांगा.
मी बोटानं दाखवत गेलो.
तांबोळ्यांची गिरणी. डेअरी.
पत्र्याचं हायस्कूल, पोरं दोनशे चाळीस.
लग्नाचा हॉल, आता ह्याचं काय करायचं, मॅडम?
लग्नसराईत सातशे माणूस,
एरवी एक वॉचमन आणि त्याचं कुत्रं.
त्यांनी पेन्सिल चावली. लिहिलं, सातशे.
पुलाशेजारी निळं घर,
इथं बोट थांबलं.

तो निळा रंग मीच आणला कराडहून,
फंडातले पैसे काढून.
नदीला लागून, म्हणून जागा स्वस्तात मिळाली.
किती माणसं?
बायको, मुलगा, सून. सुनेला सातवा लागलाय.
आणि तुम्ही?
मला धरू नका, म्हटलं, मी ड्यूटीवर असेन.
पोटातलं धरा.
त्यांनी चार लिहिले, आणि बराच वेळ
रबर हातात नुसतंच फिरवत बसल्या.

संध्याकाळी कमीचा उच्च झाला.
भिंतीला नवा तडा नाही,
पाझर तेवढाच, गंजही होता तेवढाच.
खाली आम्ही वाढलो होतो.

रात्री बायको म्हणाली, खिडकी लावा,
टर्बाइनचा आवाज येतोय.
इथवर नाही गं येत, म्हटलं.
मग उठून लावली.

सकाळी सात सेंटिमीटर. पाणी नितळ.
सही केली, वही काखेत मारली,
आणि एकशे बारा पायऱ्या पळत वर आलो.
वर कुणीच नव्हतं.
सांडव्याच्या कठड्यावर एक बगळा,
तोही दुसरीकडे बघत.