मानेमागची जागा

अल खर्जच्या पुढे, रस्त्याला नाव उरत नाही तिथे
अकरा नंबरचा गोठा.
रात्रभर पंखे पाण्याचा फवारा मारतात
आणि वाळूला ओल्या गोणपाटाचा वास येतो.

४४१७ आणि ४४२०.
नावं नाहीत, कानात पिवळे बिल्ले.
वासरं होत्या तेव्हा एकाच खोपटात,
एका बादलीत दोघींची तोंडं.
अजूनही बसतात एकमेकींना टेकून,
पन्नास डिग्रीतसुद्धा.

गाईची जीभ लांब, खरखरीत,
स्वतःच्या नाकपुडीत जाते,
पण स्वतःच्या मानेमागे पोचत नाही.
तेवढी जागा दुसरीने चाटायची.
४४१७ मान खाली घालते, डोळे मिटते,
४४२० चाटत राहते.
एकदा मी घड्याळ लावून मोजलं : सात मिनिटं.
मग पाळीची शिट्टी झाली.

मे महिन्यात गट बदलले.
डेक्लनसाहेबाने संगणकावर रेघ ओढली,
चाळीस लिटरच्या वरच्या इकडे, खालच्या तिकडे.
४४२० तीन नंबरला गेली.

तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं.
ढुशा बसल्या. गव्हाणीपाशी तिची पाळी शेवटी,
बाकीच्यांनी निवडून खाल्ल्यावर उरलेली चोयटी.
इकडे ४४१७ फाटकाशी उभी.
दोन दिवस हंबरली. तिसऱ्या दिवशी तेही नाही.
बसणं कमी, रवंथ कमी.
फिरत्या पाटावर यंत्र लावलं की आकडा उमटायचा :
एकेचाळीस. सदतीस. साडेतेहतीस.
साहेब म्हणाला, उष्मा.
उष्मा होताच. तो काय यंदा पहिल्यांदा आला?

मी कागलचा. घरी दोन म्हशी होत्या,
एक विकली तेव्हा दुसरी आठवडाभर पान्हा चोरायची.
बाबा म्हणाले, मन तुटलंय तिचं,
धार काढताना बोलत राहा.
हे साहेबाला कुठल्या भाषेत सांगू?
टेकबहादूरला हिंदीत सांगितलं,
त्याने नेपाळीत मान हलवली.
गुलजमानने मात्र आकडे लिहून ठेवले,
दोघींचे, एकवीस दिवसांचे,
सिगारेटचं पाकीट उलगडून त्याच्या आतल्या बाजूला,
आणि न बोलता साहेबाच्या टेबलावर ठेवून आला.

परवा फाटक उघडलं.
४४२० आली. धावली वगैरे नाही.
हुंगलं तिने, जरा बाजूला उभी राहिली
पाहुणीसारखी.
मग ४४१७ ने मान खाली घातली.

आकडा अजून पुरता चढलेला नाही. साडेपस्तीस.

आमच्याही खोल्या बदलणार आहेत,
यादी भिंतीवर लागलीय,
गुलजमान दुसऱ्या छावणीत.
काल रात्री तो माझ्या पाठीला बाम चोळत होता,
दोन फऱ्यांच्या मध्ये, जिथे माझा हात जात नाही.
त्याने विचारलं, बस?
मी म्हटलं, अजून थोडं वर.