खालचं ऐकणारा

उद्यमनगरात, आमच्या लेथच्या शेडमध्ये
रायगोंडाकाका मशीन बघत नाहीत, ऐकतात.
पेचकसाचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडाला.
डोळे मिटलेले, दाढेत लवंग.
"बंद कर लेका. तीन गोळ्या गेल्यात ह्याच्या.
चौथी आज रात्री जाईल."
जाते.

हा कान नौदलाचा.
रंकाळ्यापलीकडं पाणी न बघितलेलं पोरगं
त्यांनी उचलून विमानाच्या मागच्या जागेवर बसवलं.
अलिझे. फ्रान्सचं.
नावाचा अर्थ व्यापारी वारे,
सातवीच्या भूगोलातले,
हे काकांना कळलं पेन्शन सुरू झाल्यावर.
तोवर ते तिला म्हैसच म्हणायचे.
पोट सुटलेली, संथ,
खाली रडार उतरवायची, पान्हा सोडल्यागत.
"जेटवाल्यांनी हसू दे.
पाण्यात काय हाय, ते म्हशीलाच कळतंय."

डेकवरून वाफेचा धक्का बसायचा,
वस्तादानं मानेवर हात घालून आखाड्यात ढकलावं तसा,
आणि डेक संपलेला असायचा.
मग अंधार. मग नळकांडी सोडायची ओळीनं.
पाण्यात उभी राहायची ती,
वर काडीएवढी एरियल, खाली दोरीला टांगलेला कान.
कोळंबी तडतडायची, फोडणीतल्या मोहरीगत.
मालवाहू जहाज धापा टाकत जायचं.
पाणबुडी?
"ती ऐकू येत न्हाई.
तिच्याजागी बाकीचं सगळं जरा कमी ऐकू येतंय."

एकाहत्तरच्या डिसेंबरात, बंगालच्या समुद्रावर,
एका रात्री असंच कमी ऐकू आलं.
दोन तास घिरट्या. इंधन संपत आलं.
नोंदवहीत लिहिलं गेलं: काही नाही.
काकांनी सही केली.
त्या सहीबद्दल विचारलं की ते लवंग बदलतात.

पुढं हेलिकॉप्टरं आली,
एका जागी थांबून पाण्यात कान बुडवणारी.
जहाजावरची वाफेची ढकलणी काढली,
नाकाला चढ बांधला, नव्या जेटसाठी.
म्हशी गोव्यात, किनाऱ्यावरच्या गोठ्यात राहिल्या,
अन् एक दिवस तिथूनही मोडीत.

काल फौंड्रीत भंगार उतरलं,
ॲल्युमिनियम, सोळा पोती.
मी एक वाकडा पत्रा उचलून म्हटलं,
काका, तुमची म्हैस तर न्हवं?
त्यांनी नखानं टिचकी मारली. कान लावला.
"छ्या. कुकर हाय हा."

भट्टी पेटली होती, पंखा घोंघावत होता.
पत्रा हातात तसाच.
"पंखा बंद कर जरा," म्हणाले.